शहराच्या पोटातला मध्ययुगीन रस्ता कसा खोदावा: पूर्वतयारी, पायऱ्यांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

ऐतिहासिक शहरांतील रस्त्यांच्या उत्खननात एकच चूक वारंवार दिसते. डांबर उचकटले जाते, अलीकडची भर काढली जाते आणि खाली दगडांची फरसबंदी किंवा दाबून बसवलेली खडी लागते. ती स्वच्छ केली जाते, तिची छायाचित्रे निघतात, 'मध्ययुगीन रस्ता सापडला' असे जाहीर होते आणि काम तिथेच थांबते. प्रत्यक्षात सापडलेला असतो तो त्या रस्त्याचा शेवटचा पृष्ठभाग, म्हणजे तो वापरातून जाण्यापूर्वीची अखेरची अवस्था. वाहत्या शहरातला रस्ता एकदाच बांधला जात नाही. तो खचतो, चिखलाने भरतो, त्यावर पुन्हा खडी टाकली जाते, मध्येच कोणी गटार खणतो, कोणी ओटा पुढे सरकवतो. त्यामुळे उत्खननात समोर येते ती दुरुस्त्यांची चळत असते, आणि ती चळत ज्या क्रमाने रचली गेली त्याच्या बरोबर उलट क्रमाने उतरवणे हेच आपले काम असते. हा क्रम एकदा चुकला की पुढचे मोजमाप कितीही काटेकोर केले तरी तो दुरुस्त होत नाही.

पुढील टप्पे लहान पथके, पुरातत्त्वाचे विद्यार्थी आणि रस्त्याखाली वाहिन्या टाकताना पुरातत्त्वीय देखरेखीची जबाबदारी ज्यांच्यावर येते असे अभियंते यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहेत. उत्खननाचा परवाना आणि प्रशिक्षित पुरातत्त्वज्ञाची उपस्थिती या दोन्ही गोष्टी गृहीत धरल्या आहेत. त्यांच्याशिवाय यातील एकही टप्पा सुरू करू नये.

टप्पा १: कुदळ लावण्याआधीचे टेबलावरचे काम

पहिले काम नकाशांचे. शहराचे उपलब्ध असलेले सर्व जुने नकाशे एकाच प्रमाणात आणून एकावर एक ठेवावेत. रस्त्याची मध्यरेषा किती सरकली, घरांच्या दर्शनी रेषा कुठे पुढे आल्या, कोणता बोळ बुजला, हे यातून दिसते. मालमत्तेच्या नोंदी आणि रस्त्यांची जुनी नावेही उपयोगी पडतात, मात्र नावावरून रस्त्याचे वय ठरवण्याचा मोह टाळावा. नावे स्थलांतर करतात.

त्यानंतर पाणी, सांडपाणी, वीज, वायू आणि दूरसंचार यांच्या वाहिन्यांचे आराखडे मिळवावेत आणि त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवू नये. आराखड्यात सरळ दाखवलेली वाहिनी जागेवर हातभर बाजूला असणे हे नेहमीचेच आहे. म्हणून केबल शोधक यंत्र फिरवणे आणि संशयाच्या जागी हाताने चाचणी खड्डा घेणे, हे दोन्ही करावे. भूभेदी रडारचा शहरात मर्यादित उपयोग होतो. ओल्या चिकणमातीत त्याच्या लहरी लवकर विरतात, आणि सळ्या घातलेल्या काँक्रीटखाली प्रतिमा गढूळ येते. रडारमधील चित्र म्हणजे पुरावा नव्हे, तर खोदकाम कुठे करावे याचा तो केवळ एक इशारा आहे.

आसपास इमारतींसाठी घेतलेल्या बोअरच्या नोंदी मात्र आवर्जून मिळवाव्यात. मूळ जमीन किती खोल आहे आणि तिच्यावर मानवी वावराचे थर किती जाडीचे आहेत, याचा अंदाज त्यांतून येतो. जुन्या शहरात ही जाडी काही मीटर असू शकते, आणि त्यावर पुढचे सगळे अवलंबून असते: ट्रेंचचा, म्हणजे उत्खननासाठी घेतलेल्या चराचा, आकार, बाजूंचा आधार, पाण्याचा उपसा आणि वेळ.

या टप्प्याच्या शेवटी एक प्रश्न लिहून काढावा. 'रस्ता किती जुना आहे' हा त्यातला सर्वात दुबळा प्रश्न. 'रस्ता आधी की शेजारची भिंत आधी', 'रस्त्याची रुंदी कधी आणि कोणत्या बाजूने कमी झाली', 'किती वेळा पुन्हा खडी टाकली गेली आणि दोन वेळांच्या मध्ये काय साचले', असे प्रश्न ट्रेंच कुठे घ्यावा हे स्वतःच सांगतात.

तपासणी: तलचिन्ह, म्हणजे बेंचमार्क, खोदकामाच्या क्षेत्राबाहेर आणि न हलणाऱ्या जागी निश्चित केले आहे का? समुद्रसपाटीपासूनची त्याची उंची लिहिलेली आहे का? पदपथाच्या कडेच्या दगडावर खडूने खूण करून काम सुरू करणारी पथके असतात. चौथ्या दिवशी तो दगड यंत्राच्या धक्क्याने हलतो आणि आधीच्या साऱ्या पातळ्या निकामी होतात.

टप्पा २: ट्रेंचची आखणी

ट्रेंच रस्त्याला काटकोनात आणि रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा असावा. दोन्ही बाजूंची गटारे, कडेचे दगड आणि शक्य असेल तिथे दोन्ही बाजूंच्या इमारतींचे पाये त्यात आले पाहिजेत. रस्त्याच्या लांबीला समांतर घेतलेल्या ट्रेंचमध्ये भरपूर फरसबंदी दिसते आणि छायाचित्र देखणे येते, परंतु रस्त्याचा फुगवटा, कडा, गटारे आणि भिंतींशी असलेले नाते यांपैकी काहीच कळत नाही. वाहिनीसाठी खणलेल्या लांबट चरात देखरेख करावी लागली, तर निदान ठरावीक अंतराने आडवे छेद वाढवून घेण्याची मागणी आधीच करावी. काम सुरू झाल्यावर ती मागणी कोणी ऐकत नाही.

चालू रस्ता पूर्ण बंद करता येत नाही, म्हणून बहुतेक वेळा तो दोन भागांत खोदावा लागतो. इथे एक बारीक गोष्ट सुटते. पहिला अर्धा भाग बुजवून दुसरा खणताना, दुसऱ्याची हद्द पहिल्याच्या भरावात किमान अर्धा मीटर आत न्यावी. तसे न केल्यास दोन भागांच्या मध्ये मातीची एक पट्टी कायमची न खोदलेली राहते, आणि ती नेमकी रस्त्याच्या मधोमध, जिथे झीज आणि दुरुस्त्या सर्वाधिक असतात तिथे असते. पहिल्या भागाचा उभा छेद, म्हणजे थर दिसणारी खड्ड्याची उभी बाजू, बुजवण्यापूर्वी त्यावर भू-वस्त्र (जमिनीत वापरायचे कृत्रिम धाग्यांचे कापड) लावावे, म्हणजे दुसऱ्या खेपेला तो छेद हाताला लगेच लागतो. दोन्ही भागांतील एकाच थराला वेगवेगळे क्रमांक मिळणार हे गृहीत धरून, कोणता क्रमांक कोणत्या क्रमांकाचा जोडीदार आहे याची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी.

सावधान: सुमारे सव्वा मीटरपेक्षा खोल जाताना बाजूंना फळ्यांचा किंवा लोखंडी पट्ट्यांचा आधार लावावा, अथवा बाजू पायऱ्यापायऱ्यांनी उतरत्या घ्याव्यात. शहरातील भर कधीच एकजीव नसते, आणि जुन्या वाहिनीच्या चराला लागून असलेली भिंत कसलीही पूर्वसूचना न देता ढासळते. उकरलेल्या मातीचा ढीग ट्रेंचच्या काठापासून किमान एक मीटर दूर असावा.

टप्पा ३: डांबर, काँक्रीट आणि अलीकडची भर

हा भाग यंत्राने काढावा, पण दाते असलेल्या बादलीने नव्हे. सपाट धारेची रुंद बादली वापरावी आणि एका वेळी पातळ पापुद्रा काढावा. यंत्रचालकासमोर एक पुरातत्त्वज्ञ सतत उभा असावा, त्याच्या हातात फोन नसावा, आणि थांबण्याचा इशारा कोणता हे दोघांनी आधी ठरवलेले असावे. माती बदलली, रंग बदलला, बादलीचा आवाज बदलला की थांबायचे.

यानंतर लगेच पसरट खोदकाम सुरू करू नये. आधी अलीकडच्या वाहिन्यांचे चर शोधून ते पूर्ण रिकामे करावेत. ते शेवटी खणलेले असतात, म्हणून तेच आधी काढायचे, हा नियम तर आहेच. शिवाय रिकाम्या केलेल्या चराच्या दोन्ही भिंती म्हणजे फुकटात मिळालेले उभे छेद असतात. त्या ट्रॉवेलने (लहान हातथापीने) तासून, फवाऱ्याने किंचित ओल्या करून वाचाव्यात. रस्त्याचे किती पृष्ठभाग आहेत, ते किती जाड आहेत, मधला काळा थर कुठे आहे, हे सगळे एकही मध्ययुगीन खडा न हलवता दिसते. ज्या चराचा इतर पथके तिरस्कार करतात तो माझ्या मते शहरी उत्खननातला सर्वात उपकारक खड्डा असतो.

तपासणी: चर वरच्या कोणत्या थरातून खाली खणला गेला आहे, हे छेदात नीट पाहिले आहे का? चराचा वरचा काठ जिथे संपतो तिथला थर त्या चराच्या आधीचा असतो, आणि काठावरून सलग जाणारा थर नंतरचा असतो. हे वाचता आले नाही तर पुढे जाऊ नये.

टप्पा ४: पृष्ठभाग उघडा करणे

आता यंत्र बाजूला ठेवावे. पथकाने एका रेषेत बसून रस्त्याच्या उंच भागाकडून सखल भागाकडे मागे सरकत तासत यावे, म्हणजे साफ केलेल्या भागावर कोणाचा गुडघा किंवा बूट पडत नाही. दाबून बसलेल्या खडीवर ट्रॉवेलचे पाते कोरडे खरखरते आणि हाताला बारीक ठेचा लागत राहतात. तेच पाते चाकोरीच्या किंवा बुजवलेल्या खड्ड्याच्या भरीवर आले की आवाज एकदम बसतो आणि माती पात्यावर लोण्यासारखी वळून येते. तिथे थांबावे. हा बदल डोळ्यांना दिसण्याआधी कानाला आणि मनगटाला कळतो, म्हणून तासताना गप्पा नकोत असे मी आग्रहाने सांगतो.

ओल्या चिकणमातीवर झाडू मारू नये. झाडूने बारीक माती सर्वत्र सारखी पसरते आणि भरींच्या कडा पुसल्या जातात. खडीच्या फटींतील माती टोकदार अवजाराने कोरून काढण्याची घाईही करू नये, कारण ती माती वापराच्या शेवटच्या काळातील असते. ती स्वतंत्र थर म्हणून नोंदवूनच काढायची असते. फटी कोरून दगड उठावदार करणे हे छायाचित्रासाठी केलेले नुकसान आहे.

चाकोऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. मराठीत 'चाकोरी' हा शब्द आपण आता केवळ लाक्षणिक अर्थाने वापरतो, पण इथे ती शब्दशः चाकाने पाडलेली खाच असते. तिच्या तळाशी खडी अधिक घट्ट दाबली गेलेली आणि कधी तुटलेली दिसते, बाजूंना ती थोडी वर उचललेली असते. चाकोऱ्या एकमेकींना छेदतात, म्हणून कोणतीही दोन खाचा उचलून त्यांना 'एका गाडीची जोडी' ठरवू नये. दोन खाचा बऱ्याच अंतरापर्यंत समांतर जात असतील, त्यांची भर सारखी असेल आणि दोघी एकाच पृष्ठभागातून खाली उतरत असतील, तरच त्यांच्या मध्यरेषांमधील अंतर मोजून चाकांमधील अंतर म्हणून नोंदवावे. मोजमाप एकाच जागी न घेता अनेक जागी घ्यावे.

प्रत्येक चाकोरीची भर स्वतंत्र पिशवीत, स्वतंत्र क्रमांकाने जाते. नालांचे खिळे, नाण्यांचे तुकडे आणि खापऱ्यांचे चुरे या भरीत अडकतात, आणि रस्ता अखेरच्या काळात कसा वापरला गेला ते याच भरीतून कळते.

टप्पा ५: एकेक थर उतरवणे

मुख्य काम आता सुरू होते. प्रत्येक कृतीला, मग ती मातीचा थर असो, खणलेला खड्डा असो किंवा रचलेली दगडांची ओळ असो, एक स्वतंत्र क्रमांक द्यावा. यापुढे तिला आपण 'घटक' म्हणू. खड्डा खणणे ही एक कृती आणि तो भरणे ही दुसरी, म्हणून खोद आणि भर यांना वेगळे क्रमांक मिळतात. एका घटकासाठी एक पत्रक, एक आराखडा, पातळ्या, छायाचित्र आणि नमुना, हे सर्व झाल्यावरच तो घटक काढावा. लंडनच्या शहरी उत्खननांत १९७० च्या दशकात ही पद्धत रुळली, आणि थर एकमेकांत गुंतलेल्या रस्त्यासाठी ती अजूनही सर्वात भरवशाची आहे.

क्रम असा ठेवावा:

१. सर्वात अलीकडचा घटक कोणता, हे संपूर्ण ट्रेंच पाहून ठरवावे. जो घटक इतर कशानेही झाकलेला किंवा कापलेला नाही, तो आधी निघतो.
२. त्याच्या कडा खिळ्यांनी किंवा खडूने आखाव्यात. कडा सापडत नसेल तर माती किंचित ओली करून सावलीत पुन्हा पाहावी.
३. आराखडा १:२० प्रमाणात काढावा, पातळ्या घ्याव्यात, मातीचा रंग मन्सेल रंगपत्रिकेवरून, म्हणजे रंगछटांच्या प्रमाणित तक्त्यावरून, लिहावा. 'तपकिरी' हा शब्द पुरेसा नाही, आणि उन्हात व सावलीत घेतलेल्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत.
४. वरच्या आणि खालच्या घटकांशी असलेले नाते पत्रकावर त्याच क्षणी लिहावे.
५. मग तो घटक पूर्ण काढावा. अर्धा इथे आणि अर्धा उद्या असे करू नये.

नात्यांची नोंद हॅरिस मॅट्रिक्समध्ये रोज संध्याकाळी भरावी. पुरातत्त्वज्ञ एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये इंग्लंडमधील विंचेस्टरच्या उत्खनन-नोंदींवर काम करताना ही आकृती तयार केली. चौकटींतले क्रमांक आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, इतकीच ती आहे. तिचा खरा फायदा असा की चूक झालेली असेल तर रेषा वर्तुळात फिरू लागते: अ हा ब च्या वर, ब हा क च्या वर आणि क पुन्हा अ च्या वर. असे झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी छेदाकडे परत जाता येते. आठवड्याने ते शक्य नसते, कारण तो थर तोवर ढिगाऱ्यात गेलेला असतो.

दोन प्रकार ओळखण्यात सर्वाधिक गोंधळ होतो. संपूर्ण रस्त्यावर नव्याने टाकलेली खडी आणि एका खड्ड्यात भरलेली डागडुजी, या दोन्ही वरून सारख्याच दिसू शकतात. फरक कडेला कळतो. नव्याने टाकलेली खडी खालच्या पृष्ठभागावर पसरत जाते आणि कडेला पातळ होते. डागडुजी खाली उतरते, तिला खोदाची भिंत असते आणि ती खालचा पृष्ठभाग तोडून गेलेली असते. डागडुजीला पूर्ण पृष्ठभाग समजले की रस्ता एका वेळेने जास्त 'पुन्हा बांधला' जातो, आणि उलट झाले की एक आख्खी अवस्था हरवते.

ठरावीक जाडीचे, म्हणजे दर दहा सेंटिमीटरचे, आडवे कप्पे काढत खाली जाण्याची सवय रस्त्यावर घातक ठरते. रस्त्याला मधोमध फुगवटा आणि दोन्ही बाजूंना ढाळ असतो. आडव्या कप्प्यात मधला जुना पृष्ठभाग आणि कडेची नवी भर एकाच पिशवीत जातात. तसेच संपूर्ण ट्रेंच न खोदलेल्या भिंतींनी लहान चौकोनांत विभागण्याची पद्धतही शहरी रस्त्यावर टाळावी. त्या भिंतींमध्येच नेमक्या डागडुजींच्या कडा अडकून राहतात.

दोन पृष्ठभागांमधला काळा थर घाईने उडवू नये. शेण, पेंढा, राख, घरातला कचरा आणि पायांनी आलेला चिखल यांचा तो थर असतो. अनेकदा तो काही मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांनी बनलेला असतो, आणि त्या पट्ट्या मोजायच्या असतील तर उभ्या छेदात पत्र्याचा डबा ठोकून न विस्कटलेला नमुना घ्यावा, म्हणजे प्रयोगशाळेत त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात. याशिवाय बिया, हाडे आणि कीटकांचे अवशेष यांसाठी त्याच थरातून सुमारे ४० लिटर माती वेगळी ठेवावी. जाड काळा थर म्हणजे बराच काळ कोणी रस्ता साफ केला नाही किंवा बराच काळ कोणी खडी टाकली नाही, आणि यांतले नेमके काय झाले हे त्या पट्ट्यांशिवाय सांगता येत नाही.

ओल्या जमिनीतला लाकडी रस्ता असेल तर

रशियातील नोव्हगोरोदमध्ये लाकडी फरसबंदीच्या रस्त्यांवर पुन्हा पुन्हा नवे लाकूड घातले जाई. तिथल्या वेलिकाया रस्त्यावर एकावर एक अशा २८ फरसबंद्या सापडल्या, आणि वृक्षवलयांवरून, म्हणजे लाकडातील वार्षिक वाढीच्या कड्यांवरून, त्यांचा काळ इ. स. ९५३ ते १४६२ असा ठरला. ओल्या, प्राणवायू नसलेल्या मातीमुळे लाकूड टिकले. आपल्या ट्रेंचमध्ये असे लाकूड लागल्यास ते उघडे होताच पाण्याचा फवारा आणि प्लास्टिकचे आवरण सुरू करावे. एका दुपारच्या उन्हात ते तडकते आणि त्याचा आकार जातो. वृक्षवलयांसाठी नमुना कापताना बाहेरची कड, शक्य असल्यास सालीसकट, राखावी. ती कड गेली की झाड कोणत्या वर्षी तोडले हे कळण्याची शक्यता संपते. तसेच लाकूड पुन्हा वापरलेले आहे का, हे जुन्या खाचा आणि खिळ्यांच्या भोकांवरून आधी पाहावे.

टप्पा ६: कडा, गटारे आणि भिंती

वेळ कमी पडला तर पथके मध्यभाग पूर्ण करतात आणि कडा सोडतात. माझ्या मते नेमके उलट करावे. रस्ता आणि शेजारची भिंत यांच्या नात्याला तीनच शक्यता असतात. भिंतीच्या पायासाठी खणलेला चर रस्त्याचे थर तोडून गेला असेल, तर भिंत नंतरची. रस्त्याचे थर भिंतीला येऊन टेकत असतील आणि भिंतीपाशी किंचित वर चढत असतील, तर भिंत आधीची. आणि रस्ता भिंतीच्या खालून जात असेल, तर घर रस्त्यावर आलेले आहे. शेवटची शक्यता दिसली तर छेद इमारतीच्या दिशेने जितका वाढवता येईल तितका वाढवावा, मात्र स्थापत्य अभियंत्याला विचारल्याशिवाय पायाखाली हात घालू नये.

गटाराच्या भरीला थरांचे क्रमांक वरून खाली न देता, तिच्यात किती वेळा पुन्हा खणले गेले आहे ते आधी शोधावे. गटार साफ करणारा माणूस तळापर्यंत पोहोचतो, त्यामुळे जुन्या गटारात बहुधा फक्त शेवटच्या सफाईनंतरचा गाळ राहतो. गटारातल्या खापऱ्यांवरून गटार बांधल्याचा काळ ठरवणे ही म्हणूनच ढोबळ चूक आहे.

सावधान: गटाराच्या भरीत सांडपाण्याचे रोगजंतू, शिसे आणि जुन्या उद्योगांचे विषारी अवशेष असू शकतात. हातमोजे घातल्याशिवाय, आणि कोरड्या भरीत मास्क लावल्याशिवाय, तिथे काम करू नये. मानवी अस्थी आढळल्यास काम तात्काळ थांबवून संबंधित अधिकाऱ्यांना कळवावे.

टप्पा ७: सर्वात खालच्या पृष्ठभागाखाली

पहिल्या खडीखाली काय आहे, हे पाहिल्याशिवाय ट्रेंच बंद करू नये. तिथे जुनी शेतजमीन, नांगराच्या खुणा, खांबांचे खळगे किंवा पाडलेल्या घराची राख असू शकते. रस्ता कोणाच्या जागेवर आखला गेला, याचे उत्तर तिथेच असते. मूळ जमीन दिसली असे वाटल्यावरही एका कोपऱ्यात अर्ध्या मीटरचा चाचणी खड्डा घेऊन खात्री करावी. बाहेरून आणून टाकलेली पिवळी माती मूळ जमिनीसारखी दिसते.

टप्पा ८: वस्तू आणि कालनिश्चिती

वस्तू जिथे सापडली तो घटक वस्तूपेक्षा महत्त्वाचा. उकरलेल्या मातीवर धातुशोधक फिरवायचा असेल तर घटकनिहाय ढीग वेगळे ठेवूनच फिरवावा. ढिगाऱ्यातून मिळालेले नाणे छान दिसते, सांगत मात्र काहीच नाही.

कालनिश्चितीतली गफलत एका उदाहरणाने पाहू. समजा, वरून खाली असे घटक आहेत: १३ हा खडीचा पृष्ठभाग, १४ हा त्याखालचा काळा थर, १५ हा त्याखालचा जुना पृष्ठभाग. १४ मध्ये १३२० साली पाडलेले एक नाणे मिळाले. यावरून १४ चे साचणे १३२० मध्ये किंवा त्यानंतर पूर्ण झाले आणि १३ हा त्याच्याही नंतर टाकला गेला, एवढेच सिद्ध होते. अनेक अहवालांत पुढचे वाक्य असते की '१५ हा १३२० पूर्वीचा आहे'. ते या नाण्यावरून निघत नाही. नाणे टाकसाळीतून निघाल्यावर शंभर वर्षांनीही हरवू शकते, आणि त्या अवधीत १५ देखील बांधला गेलेला असू शकतो. नाणे काळाची खालची मर्यादा ('याआधी नाही') देते, वरची ('यानंतर नाही') देत नाही.

वरची मर्यादा हवी असेल तर रस्त्यावर बसलेली, कागदोपत्री तारीख असलेली वास्तू लागते. विंचेस्टरमध्ये १०६७ साली उभारलेल्या किल्ल्याखाली आधीचे रस्ते बंद झाले, त्यामुळे ते त्या वर्षापूर्वीचे ठरले. असे नशीब नेहमी मिळत नाही, पण ते आहे का हे पहिल्या टप्प्यातच शोधलेले असावे.

पृष्ठभागाच्या फटीत सापडलेल्या वस्तूवरून तो पृष्ठभाग कधी बांधला हे ठरवू नये. ती वरून आत गेलेली असू शकते. बांधणीचा काळ हवा असेल तर खडीच्या बिछावणीच्या आत पूर्णपणे गाडलेली वस्तू पाहावी. रेडिओकार्बनसाठी मोठ्या कोळशाऐवजी धान्याचे दाणे किंवा बारीक काटक्या निवडाव्यात, कारण जुन्या झाडाच्या गाभ्याचा कोळसा प्रत्यक्ष जळण्याच्या काळापेक्षा बराच आधीचा काळ दाखवतो. वाळूच्या बिछावणीतून प्रकाशदीप्ती कालमापनासाठी (वाळूला शेवटचा प्रकाश कधी लागला ते मोजण्यासाठी) नमुना घ्यायचा असेल तर तो अपारदर्शक नळी ठोकून घ्यावा. उघड्या छेदावरून खरवडून घेतलेली वाळू सूर्यप्रकाश लागताच निरुपयोगी होते.

टप्पा ९: अंतिम छेद, निर्णय आणि बुजवणे

सर्व उतरवून झाल्यावर ट्रेंचच्या दोन्ही उभ्या बाजू पुन्हा तासून १:१० प्रमाणात रेखाटाव्यात. छायाचित्रांवरून त्रिमितीय प्रतिकृती करणे सोयीचे आहेच, पण ती हाताने काढलेल्या छेदाची जागा घेत नाही. कागदावर रेष ओढताना प्रत्येक कडेबाबत निर्णय घ्यावा लागतो, कॅमेऱ्याला तो घ्यावा लागत नाही. छेदातील प्रत्येक घटकाचा क्रमांक पत्रकांशी आणि मॅट्रिक्सशी त्याच जागी ताडून पाहावा. जुळला नाही तर अजून छेद समोर आहे.

रस्ता जागेवर जपायचा, उचलून दुसरीकडे न्यायचा की नोंदी करून सोडायचा, हा निर्णय खोदकामाच्या मध्ये नव्हे, तर परवान्याच्या वेळीच चर्चेला घ्यावा. ग्रीसमधील थेस्सालोनिकी मेट्रोच्या व्हेनिझेलोस स्थानकात बायझंटाईन काळातील फरसबंद मार्ग लागला, तेव्हा तो जागेवर ठेवायचा की काढून पुन्हा बसवायचा यावर अनेक वर्षे वाद आणि न्यायालयीन लढे झाले. अखेर तो काढून पुन्हा बसवण्यात आला, आणि मेट्रो २०२४ मध्ये सुरू झाली.

जागेवर ठेवायचे ठरल्यास उघड्या पृष्ठभागावर प्रथम भू-वस्त्र अंथरावे, त्यावर धुतलेली, क्षार नसलेली वाळू टाकावी आणि मगच भराव घालावा. उकरलेली माती थेट टाकू नये, काँक्रीट तर नाहीच. भराव दाबताना कंप देणारे यंत्र पहिल्या थरावर चालवू नये, हाताच्या धुमसाने दाबावे. भू-वस्त्राखाली खोदकामाच्या वर्षाची खूण असलेली टिकाऊ पट्टी ठेवावी, आणि उघड्या भागाच्या कोपऱ्यांचे निर्देशांक वाहिन्यांचे आराखडे सांभाळणाऱ्या सर्व खात्यांना लेखी कळवावेत. नाहीतर पुढच्या वर्षी केबल टाकणारा माणूस तीच जागा पुन्हा फोडतो.